तुमचा राग मोजला कुठे जातो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात अमेरिका, फ्रान्स आणि श्रीलंका या देशांतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांवर लिहिले होते. प्रस्थापित पक्षांना कंटाळलेला मतदार तिथे काय करतो आणि त्याचा निकालावर काय परिणाम होतो, हा विषय होता. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेक पत्रांत एक प्रश्न परदेशाचा आणि दोन आपल्या गावचे. त्यांतली काही निवडली आहेत. नाव छापू नका असे अनेकांनी कळवल्यामुळे फक्त गावे देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेत इतक्या लोकांना दोन्ही पक्ष नकोसे झालेत म्हणता, मग तिसरा माणूस निवडून का येत नाही? तिथला मतदार आपल्यापेक्षा हतबल आहे का? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : हतबल नाही म्हणता येणार, पण तिथली मतमोजणीची रीतच अशी आहे की तिसऱ्याला पाय रोवायला जागा मिळत नाही.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. ५० राज्ये आणि राजधानीचा प्रदेश मिळून ५३८ निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, असतात, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात जो पहिला येईल त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक पडतात. १९९२ मध्ये रॉस पेरो हे उद्योगपती अपक्ष उभे राहिले. दोन्ही पक्षांवर चिडलेल्यांनी त्यांना जवळजवळ १९ टक्के मते दिली आणि निर्वाचक मिळाले शून्य. मते साऱ्या देशभर पातळ पसरलेली, एकाही राज्यात पहिला नंबर नाही. त्याआधी १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस या वंशभेदाच्या कट्टर समर्थकाला १३.५ टक्केच मते होती, पण ती दक्षिणेत एकवटलेली. त्याने पाच राज्ये जिंकली आणि ४६ निर्वाचक मिळवले. म्हणजे राग किती आहे यापेक्षा तो कुठे साठला आहे याला तिथे जास्त किंमत. समजा कोणालाच २७० मिळाले नाहीत, तर निवड संसदेच्या प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. त्या सभागृहात बसलेली माणसे पुन्हा त्याच दोन पक्षांची.

शिवाय तिसऱ्याला दिलेले मत कधी कधी भलत्याच्याच उपयोगी पडते. २००० साली फ्लोरिडा राज्य जॉर्ज बुश यांनी ५३७ मतांनी जिंकले आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही. त्याच राज्यात तिसरे उमेदवार राल्फ नाडर यांना ९७,४८८ मते होती. त्यांतली किती बुश यांचे मुख्य प्रतिस्पर्धी अल गोर यांच्याकडे वळली असती यावर वाद घालणारे आजही घालतात. पण ५३७ हा आकडा पाहिला की तिसऱ्याला मत देताना तिथल्या माणसाचा हात का थबकतो, ते कळते.

म्हणून तिथला राग पक्षाच्या आत शिरतो. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला आधी राज्याराज्यांत ‘प्रायमरी’ होते आणि तिथे सामान्य मतदार मत देतो. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी रिपब्लिकन पक्षातल्या डझनभराहून अधिक प्रतिस्पर्ध्यांना याच वाटेने मागे टाकले, तेही पक्षातल्या अनेक जुन्या नेत्यांची मर्जी नसताना. दुसऱ्या बाजूला बर्नी सँडर्स यांनी वीसहून अधिक राज्ये जिंकली. उमेदवारी हुकली, पण पक्षनेत्यांना आपोआप मिळणाऱ्या ‘सुपरडेलिगेट’ मतांवर त्यांच्या समर्थकांनी इतके रान उठवले की २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला नियम बदलावा लागला. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत चुरस असेल तर ही मते आता धरली जात नाहीत.

आपल्याकडे ही आतली वाटच नाही. तिकीट मुंबई-दिल्लीत ठरते, आणि ते कोणाला द्यावे हे रावेरच्या किंवा शहाद्याच्या मतदाराला कोणी विचारत नाही. आपल्या नाराजीचे मूळ बरेचसे इथेच आहे असे आम्हाला वाटते. मतदानाच्या दिवशी आपल्यासमोर येते ती दुसऱ्यांनी चाळून ठेवलेली यादी.

प्रश्न : मग रागाच्या जोरावर कोणी निवडून आलेच नाही का? श्रीलंकेचे उदाहरण जरा उलगडून सांगा. (फैजपूर)

उत्तर : आले ना. अनुरा कुमारा दिसानायके यांना २०१९ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत ३.१६ टक्के मते होती. २१ सप्टेंबर २०२४ रोजी ती ४२.३१ टक्के झाली आणि ते निवडून आले. मधल्या काळात इंधनाच्या रांगा लागल्या, औषधे मिळेनात, देशाचे दिवाळे निघाले आणि २०२२ मध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्षांना देश सोडायला लावला. पण नुसत्या रागाने एवढे साधले नसते. तिथल्या मतपत्रिकेवर मतदार तीन पसंत्या लिहू शकतो. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर पहिले दोघे उरतात आणि बाकीच्यांच्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणाला पुढची पसंती आहे ते पाहतात. म्हणजे ज्याच्यावर विश्वास आहे त्याला पहिली पसंती द्यावी आणि त्यातल्या त्यात बरा वाटतो त्याला दुसरी, मत फुकट जाण्याची धास्ती नाही. २०२४ मध्ये ही दुसरी मोजणी तिथे पहिल्यांदाच करावी लागली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. दिसानायके यांच्या आघाडीचे जुन्या संसदेत फक्त ३ सदस्य होते. त्यांनी लगेच संसद विसर्जित केली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत २२५ पैकी १५९ जागा मिळवल्या. नुसते पद हाती असते आणि संसद विरोधात, तर कायद्याची एक ओळही पुढे सरकली नसती.

फ्रान्समध्ये दोन फेऱ्या असतात, पण पसंतीक्रम नाही. २००२ मध्ये १६ उमेदवार उभे होते. डाव्या मतदारांनी पहिल्या फेरीत मते वाटून टाकली आणि त्यांचे पंतप्रधान जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर अडकले. अतिउजवे ल पेन १६.८६ टक्क्यांनी दुसऱ्या फेरीत गेले. मग त्याच मतदारांना नावडत्या शिराक यांच्यामागे उभे राहावे लागले आणि शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले. पहिल्या फेरीत राग काढू, दुसऱ्या फेरीत सावरून घेऊ, हा हिशोब असा फसतो.

प्रश्न : केळीला भाव नाही, पीकविम्याचे पैसे नाहीत, आणि मते मागायला सगळे येतात. आमच्या गटाने ठरवले आहे, यंदा सगळ्यांनी नोटा दाबायचा. नोटाला सगळ्यात जास्त मते पडली तर निवडणूक रद्द होते ना? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : विधानसभा-लोकसभेत होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की उत्तर जरा सविस्तर देतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी नोटाचे, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’चे, बटण ठेवायला सांगितले, ते मतदाराला गुप्तपणे नकार नोंदवता यावा म्हणून. त्याआधी ‘मत द्यायचे नाही’ असे सांगितले की केंद्रावरच्या नोंदवहीत शेरा लिहिला जायचा आणि सगळ्या केंद्राला कळायचे. बटणाने गुप्तता आली, निकालावर मात्र परिणाम नाही. नोटाला एक लाख आणि पहिल्या उमेदवाराला दहा हजार मते पडली, तरी तो दहा हजारवाला निवडून येतो. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांचा एक षष्ठांश भाग लागतो. त्या वैध मतांत नोटा धरत नाहीत, म्हणून नोटा वाढला तर कोणाचे डिपॉझिट जप्त होते असेही नाही.

उदाहरणे ताजी आहेत. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा २७ हजारांवर मते घेऊन चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. २०२४ मध्ये इंदूर लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि नोटाला २,१८,६७४ मते पडली. दोन्हीकडे निकाल जसा लागायचा तसा लागला. आणि बिनविरोध निवड झाली तर मतदानच होत नाही, मग नोटा दाबायचा कुठे? २०२४ मध्ये सुरतेत तेच झाले.

ही कल्पना मुळात आपली एकट्याची नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९७५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवरही ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय ठेवला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ते राज्य २७,२०२ मतांनी जिंकले आणि ‘कोणीही नाही’ला २८,८६३ मते होती, म्हणजे जय-पराजयाच्या फरकापेक्षा जास्त. तिथेही त्या मतांनी निकाल बदलत नाही. पण पुढच्या खेपेला उमेदवार उभा करताना पक्षांना हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही. नोटाची ताकद असलीच तर एवढीच.

नगरपालिका आणि महानगरपालिकांची गोष्ट वेगळी आहे. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. या आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेवर कोणालाही विजयी घोषित न करता पुन्हा निवडणूक घ्यावी. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार निवडून आला असे धरतात. म्हणजे सावदा किंवा यावल नगरपालिकेत नोटाला दात आहेत, विधानसभेत नाहीत. तुमच्या गटाचा रोख केळीच्या भावावर आहे आणि भाव-विम्याचे निर्णय नगरपालिकेत होत नाहीत. म्हणून विधानसभेला नोटावर मते खर्च करण्यापूर्वी चोपड्याच्या वाचकांना खाली दिलेले उत्तरही वाचा.

प्रश्न : प्रतिभाताई पाटील आपल्या जिल्ह्यातल्या, राष्ट्रपती झाल्या. पण आम्हाला त्यांना मत देता आले नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत खान्देशच्या मताला किंमत किती? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बोदवड)

उत्तर : अगदी आकड्यात सांगता येते.

राष्ट्रपतीला निवडून देतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या घेतात, तिला आमदारांच्या संख्येने भागतात आणि पुन्हा १,००० ने भागतात. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८, म्हणून एका आमदाराचे मूल्य १७५. अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगरपर्यंत तिन्ही जिल्ह्यांत मिळून २० विधानसभा मतदारसंघ आहेत आणि राज्याच्या यादीत ते १ ते २० याच क्रमांकांचे आहेत. २० गुणिले १७५ म्हणजे ३,५००. नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर या चार खासदारांची २०२२ मधली किंमत प्रत्येकी ७०० प्रमाणे २,८००. एकूण ६,३००. (धुळे मतदारसंघात मालेगाव आणि बागलाण, रावेरमध्ये मलकापूर हे बाहेरचे भागही येतात, हे लक्षात ठेवावे.) २०२२ मध्ये देशभरच्या मतांचे एकूण मूल्य १०,८६,४३१ होते. त्यात आपला वाटा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर.

या मतदानात पक्षाचा व्हीप चालत नाही आणि मतपत्रिका गुप्त असते. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. भैरोसिंह शेखावत यांच्या ३,३१,३०६ मतमूल्याविरुद्ध ताईंना ६,३८,११६ मिळाले. श्रीलंकेसारखाच इथेही पसंतीक्रम लिहायचा असतो. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच निवडून आले. सामान्य नागरिकाला हौसेने अर्ज भरता येऊ नये म्हणून ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही मतदार असलेले खासदार-आमदारच, आणि १५,००० रुपये अनामत.

तेव्हा थेट मत नसले तरी धागा तुमच्या हातात आहे. प्रतिभाताई १९६२ मध्ये जळगावमधून आणि नंतर चार वेळा एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, विधानसभेवर गेल्या. ती मते तुमच्याच आजी-आजोबांच्या पिढीने दिली होती. तुमचा आमदार राष्ट्रपतिपदाला कोणाला मत देणार, हा प्रश्न त्याला जाहीर सभेत विचारता येतो. आजवर तो फारसा कोणी विचारत नाही, विचारायला हवा.

प्रश्न : गावाचा रस्ता १५ वर्षे झाला नाही. ‘आमनं कोन आयकस?’ असे म्हणून ग्रामस्थांनी मतदानावर बहिष्कार टाकायचे ठरवले आहे. चूक आहे का? (शिंदखेडा तालुका)

उत्तर : राग रास्त आहे. पण बहिष्कार चुकीच्या वेळी होतो, म्हणून तो वाया जातो. कसा ते सांगतो.

आपल्या कायद्यात किमान मतदानाची अट नाही. गावात एकही मत पडले नाही तरी कर्मचारी संध्याकाळपर्यंत यंत्र मांडून बसतात, यंत्र शून्यावर सील होते आणि निकाल बाकीच्या गावांच्या मतांवर लागतो. फेरमतदान होते ते यंत्र बिघडले, पळवले किंवा केंद्र बळकावले गेले तर, कोणी आलेच नाही म्हणून नाही. २०२४ मध्ये धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. अशा चुरशीत हजार-बाराशे मतांची चार-पाच गावे घरी बसली तर निकाल तीच ठरवू शकतात, पण आपण कोणाला पाडले, कोणाला तारले हे त्यांना सांगता येत नाही. आणि ज्यांना मत द्यायचे आहे त्यांना अडवले तर गुन्हा दाखल होतो, हेही गावातल्या तरुणांना आधीच सांगून ठेवा.

दुसरी अडचण आचारसंहितेची. निवडणूक जाहीर झाल्यावर बहिष्काराची बातमी येते, तहसीलदार गावात येतात, ‘निवडणुकीनंतर बघू’ म्हणतात. त्यांना तेवढेच म्हणता येते. आचारसंहितेत नवे काम जाहीर करता येत नाही. कार्यारंभ आदेश निघालेला असला पण प्रत्यक्ष काम सुरू झालेले नसले, तर तेही सुरू करता येत नाही. चालू असलेले काम मात्र थांबत नाही. म्हणजे तुमच्या रस्त्यावर आचारसंहितेच्या आधी खडी पडली पाहिजे. सगळा जोर त्या तारखेच्या मागे लावा.

त्यासाठी आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या की सार्वजनिक बांधकाम विभागाच्या. चुकीच्या दारात अर्ज पडला की सहा महिने जातात. मग माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून चारच गोष्टी मागा : प्रशासकीय मान्यतेची प्रत, तांत्रिक मान्यतेची प्रत, निविदेची तारीख, कार्यारंभ आदेशाची प्रत. ‘रस्ता का झाला नाही’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला कार्यालय बांधील नसते, कागदाची प्रत द्यायला असते. ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. चारपैकी कोणता कागद नाही ते कळले की काम कुठे अडले ते कळते. प्रशासकीय मान्यताच नसेल तर दोष पैसे मंजूर करणाऱ्यांचा, म्हणजे लोकप्रतिनिधीकडे जा. कार्यारंभ आदेश असून काम नसेल तर ठेकेदार आणि उपअभियंता यांना धरा.

हे कागद ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. मग प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारासमोर तोच ठराव ठेवा. ‘तुमच्यासाठी काय करू’ असे विचारणाऱ्याला क्रमांक आणि तारखेसह कागद दाखवला की मोघम आश्वासनाला जागा उरत नाही.

प्रश्न : तेलंगणातल्या हळद शेतकऱ्यांसारखे आम्हीही शंभर-दीडशे अर्ज भरले तर? कापूस आणि केळी, दोन्हीकडचे लोक तयार आहेत. (चोपडा)

उत्तर : २०१९ च्या निजामाबाद लोकसभेत एकूण १८५ उमेदवार होते, त्यांत १७८ शेतकरी. एका मतदान यंत्रावर नोटा धरून १६ नावे मावतात, म्हणून प्रत्येक केंद्रावर १२ यंत्रे जोडावी लागली. देशभर बातमी झाली आणि तिथल्या खासदार हरल्या. निवडून आलेला कोणी शेतकरी उमेदवार नव्हता, पण हळदीचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. यापूर्वी १९९६ मध्ये आंध्रातल्या नलगोंडा मतदारसंघात फ्लोराइडच्या पाण्याच्या प्रश्नावर ४८० उमेदवार उभे राहिले होते. त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून एकदम १०,००० रुपये केली. आता ती २५,००० आहे. विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी.

चोपडा विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, हे आधी लक्षात घ्या. तिथे उभे राहायला जमातीचे प्रमाणपत्र लागते. सूचक कोणत्याही समाजाचा चालतो. रावेर आणि जळगाव लोकसभा खुल्या आहेत.

अपक्षाला १० सूचक लागतात आणि ते सगळे त्याच मतदारसंघाच्या यादीतले हवेत. शंभर अर्जांत सर्वाधिक अर्ज इथेच बाद होतात, कारण घाईत सूचकाचा यादी भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक चुकतो. प्रत्येकाची नोंद यादीत बोट ठेवून ताडून पाहा. शपथपत्र नमुना २६ मध्ये असते. त्यात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचे. कोरा रकाना दाखवून देऊनही भरला नाही तर अर्ज फेटाळला जातो. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर त्याच्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अर्ज दिल्यावर छाननीच्या दिवसाआधी शपथ घ्यायची असते. ती राहिली की बाकी सगळे बरोबर असूनही उपयोग नाही. निवडणूक खर्चाचे स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडावे.

आणि जे कोणी सांगत नाही ते : निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब प्रत्येक उमेदवाराने द्यायचा असतो, १०० मते पडलेली असली तरी. तो दिला नाही तर आयोग तीन वर्षे निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. आंदोलन म्हणून अर्ज भरणारे बहुतेक जण निकालानंतर हे विसरतात आणि पुढच्या खेपेला, जेव्हा खरोखर लढायचे असते, तेव्हा अपात्र निघतात. दीडशे जणांसाठी एक हिशोबनीस आजच नेमा.

पैशांचाही विचार करा. लोकसभेला १०० अर्ज म्हणजे २५ लाख रुपये, आणि डिपॉझिट जाणार हे धरूनच चालायचे. आमच्या मते त्याऐवजी गटाने एक माणूस ठरवावा, त्याच्यामागे दोन वर्षे आधीपासून उभे राहावे. वॉलेसची आणि पेरोंची मते आठवा. एका तालुक्यात साठलेली मते जिल्हाभर विरलेल्या मतांपेक्षा जड भरतात.

प्रश्न : आमच्या पाड्यातली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. परत येऊन पाहतात तर यादीत नाव नाही. आणि एकाच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले होते. काय करायचे? (शहादा)

उत्तर : दोन्ही गोष्टींवर इलाज आहे, पण मुदती पाळाव्या लागतात.

नाव जाते ते बहुधा असे. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरोघरी फिरतो, घराला कुलूप दिसते, शेजारी म्हणतो ‘गेले ते’, आणि ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. कायदा सांगतो की कामासाठी तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचा नेहमीचा रहिवास तुटत नाही. म्हणून जाण्यापूर्वी शेजारच्यांना आणि पोलीस पाटलांना नेमके सांगून ठेवा : ‘कामाला गेलेत, गाव सोडलेले नाही, होळीला येतील.’ प्रारूप यादी लागली की पाड्यातल्या एका शिकलेल्या मुलाने सगळ्यांची नावे तपासावीत. १९५० या क्रमांकावर किंवा निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर ओळखपत्राचा क्रमांक देऊन पाहता येते. ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे असे समजू नका. मत यादीतल्या नावावर मिळते.

नाव गेले असेल तर नमुना ६ भरायचा. पत्ता बदलला किंवा नाव-वय चुकले असेल तर नमुना ८. पुण्याला शिकणाऱ्या मुलांनी घरचे किंवा वसतिगृहाचे एकच ठिकाण निवडावे, दोन्हीकडे नाव ठेवणे गुन्हा आहे. कोणी तुमचे नाव काढायला नमुना ७ दिला असेल तर नोटीस येते, तिला उत्तर द्या. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही जमले तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. नव्या मतदाराची १८ वर्षे पूर्ण झाली का हे पाहायच्या आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस उलटला की त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही. त्यामुळे निदान दहा-पंधरा दिवस आधी अर्ज आत गेला पाहिजे.

तुमच्या नावावर दुसऱ्याने मत दिले असेल तर भांडून परत जाऊ नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागा. हा हक्क आहे. तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, नमुना १७-ब मध्ये सही किंवा अंगठा घेतात, आणि तुम्ही खूण केलेली मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. यंत्राचे बटण या मताला मिळत नाही, आणि मोजणीच्या दिवशी ती पाकिटे उघडत नाहीत. निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि न्यायालयाने सांगितले तरच उघडतात. तरी ते द्याच. एका केंद्रावर अशी दहा पाकिटे निघाली तर तिथे बोगस मतदान झाल्याचा तो लेखी पुरावा असतो, आणि तोंडी तक्रारीपेक्षा न्यायालयात तोच टिकतो. उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी जवळ असेल तर त्यालाही तेव्हाच सांगा. समोरची व्यक्ती त्या नावाची खरी मतदार नाही असा संशय असेल तर हा प्रतिनिधी २ रुपये भरून जागच्या जागी आक्षेप घेऊ शकतो, पण ती व्यक्ती मत देण्याच्या आत.